आम्ही, म्हणजे मीच

रेवदंडा, ४ ऑगस्ट २०२५

प्रिय सेवेरिन,

आठवीत असताना शुक्रवारी चौथ्या तासाला तुम्ही ख्रिस्ती मुली कॅटेकिझमच्या धर्मवर्गाला जायच्या आणि आम्ही बाकीच्या मॉरल सायन्सला. त्या वर्षी मॉरल सायन्सच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, म्हणून आम्हाला तुमच्याच वर्गात मागच्या बाकांवर बसवलं. सिस्टरांनी टेबलावर हात तुटलेली एक बाहुली ठेवली होती आणि शेजारी पाण्याचा तांब्या. मूल दगावेल असं असलं आणि फादर जवळ नसले, तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, असं त्या शिकवत होत्या. तू हात वर करून विचारलंस, "कोणीही, सिस्टर? श्यामलासुद्धा?" सगळा वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. "श्यामला टू," म्हणाल्या, "कम हिअर." मी पुढे गेले, बाहुलीच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि 'आय बॅप्टाइज यू'चं ते इंग्रजी वाक्य न अडखळता म्हटलं. माझे उच्चार सेवेरिनपेक्षा बरे आहेत, असं सिस्टर म्हणाल्या. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तू मला तुझ्या डब्यातला पाव दिला नाहीस.

एवढं आठवून झालं, आता मुद्द्यावर यायला हवं. पाच वर्षं मी तुझा फोन उचलला नाही. चार वर्षांपूर्वी जुझे गेला तेव्हा आले नाही. तुझा नवरा, आणि माझ्या घरी नारळ उतरवायला हक्कानं येणारा माणूस. पूल ओलांडला की वीस मिनिटांवर कोर्लई, तरी मातीला आले नाही. तू घर बंद करून मडगावला लेकीकडे राहायला गेलीस, तेही मला बाजारात कळलं. "श्यामला आता मोठी झाली, आम्ही आपले खाडीपलीकडचे," असं तू कुणाकडे तरी म्हणालीस, तेही कळलं. ते तसं नाही. कारण दुसरं आहे, आणि चार दिवसांपूर्वी ते मी तुझ्या मुलाला सांगून टाकलं आहे. तेव्हापासून मला झोप लागते. तुझी मात्र मोडणार आहे, म्हणून नीट बसून वाच.

३१ जुलै १९८३. रविवार होता. पूल अजून व्हायचा होता, मी होडीनं तुझ्याकडे आले होते. दिवस भरायला अवकाश होता तरी दुपारी तुझ्या पोटात दुखायला लागलं. फादर चर्चमधला सकाळचा मिस्सा आटोपून आगरदांड्याकडे गेलेले. मूल झालं आणि तुला रक्त जायला लागलं. जुझे जीप बघायला धावला. तू डोळे मिटलेस. आवडाबाई सुईण एका हातानं तुझं पोट दाबत होती आणि दुसऱ्या हातानं पोराला शेक देत होती. पोर निळं पडलं होतं, रडत नव्हतं. ती मला म्हणाली, "बाय, प्वार थंड पडतंय. तुमच्यात काय करतात ते कर लवकर, न्हायतर तसंच जायाचं." मी तुमच्यातली नाही, हे त्या घाईत तिलाही आठवलं नाही आणि मलाही नाही.

मी माठातलं पाणी वाटीत घेतलं. शाळेच्या कॅलेंडरात त्या दिवसाला संत इग्नेशियसचं नाव असायचं, म्हणून इनास म्हटलं. तीनदा पाणी घातलं आणि वाक्य म्हटलं. थोड्या वेळानं पोर रडलं. पुढचं तुला माहीत आहे.

संध्याकाळी फादर आले. त्यांनी विचारलं, पाणी कोणतं, डोक्यावरून वाहिलं का, आणि शब्द काय म्हटले. ते गोव्याचे, मराठी जेमतेम. मी परीक्षेत म्हणावं तसं ते सिस्टरांचं इंग्रजी वाक्य धडाधड म्हणून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, वहीत नोंद केली, उरलेले विधी नंतर चर्चमध्ये झाले.

सेवेरिन, मी इंग्रजीत म्हटलं नव्हतं. घाबरलं की माणसाला घरची भाषा येते. मी म्हटलं होतं, "इनास, आम्ही तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देतो."

आम्ही. देतो.

तुला आठवत असेल, आमच्या घरी मुलींनी 'मी' म्हटलेलं अण्णांना चालायचं नाही. "मी मी बकरी करते," म्हणायचे. म्हणून आम्ही जेवलो, आम्हाला झोप आली, आम्हाला पेन्सिल द्या. तू विचारायचीस, "कितीजणींना हवी गं?" अण्णा गेल्यानंतर, हेडमास्तरीण झाल्यावर कधीतरी मी 'मी' म्हणायला शिकले. त्या दिवशी फादरांशी मी खोटं बोलले ते वाईट हेतूनं नाही. कॉन्व्हेंटात शिकून शेवटी मराठीत बोलले, याची लाज वाटली, एवढंच. आणि फरक काही पडतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

ते कळलं २०२० साली, लॉकडाऊनमध्ये. पेपरात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. रोमहून खुलासा आला होता. 'मी तुला बाप्तिस्मा देतो' असं न म्हणता 'आम्ही देतो' म्हटलं असेल, तर तो बाप्तिस्मा झालेलाच नाही. कारण त्या क्षणी माणसाच्या तोंडून ख्रिस्त बोलतो आणि तो एकटा असतो. परदेशात एका पाद्र्यानं स्वतःच्या बारशाची जुनी फिल्म पाहिली, 'आम्ही' ऐकलं, आणि त्याला कळलं की आपण पाद्रीच नाही.

मी ती बातमी तीनदा वाचली. तुमचे सात संस्कार मला तुझ्यापेक्षा चांगले पाठ होते. पहिलं दारच उघडलं नसेल तर आतल्या सहा खोल्यांत माणूस जाईल कसा? इनासचं दृढीकरण नाही, पाद्री म्हणून दीक्षा नाही. त्यानं म्हटलेला एकही मिस्सा मिस्सा नाही. लोकांनी त्याच्याकडे केलेलं कुमसार, सांगितलेली पापं, सगळं वाऱ्यावर. आणि पुढच्याच वर्षी जुझे आजारी पडला. बापाला शेवटचं तेल त्यानंच लावलं, मातीचा मिस्सा त्यानंच म्हटला. मी तिथं बसून काय करणार होते? सगळे रडत असताना मी एकटी विचार करणार होते की हे खरं आहे की नाही. म्हणून आले नाही. फोन तर ती बातमी वाचल्यापासूनच उचलवत नव्हता.

त्या ३१ तारखेला इनास वाढदिवसाच्या पाया पडायला आला. म्हणाला, "मावशी, चर्चमध्ये नव्या आईबापांचा वर्ग घेतो आम्ही, बाप्तिस्म्याआधी. तू ये आणि सांग, एका हिंदू बाईनं मला कसा बाप्तिस्मा दिला. शब्द न् शब्द सांग."

मी म्हटलं, "शब्द न् शब्द सांगितलं तर वर्ग बंद करावा लागेल."

तो हसला. मग मी सांगितलं. तो पायरीवर बसून पडवीतल्या सुपाऱ्या सारख्या करायला लागला. मग म्हणाला, "चहा आहे का, मावशी?" चहा प्याला, कप स्वतः विसळला आणि म्हणाला, "आईला तूच लिही. मी बिशप हाऊसला सांगतो."

रागाव, पण वाचल्याचं कळव.

तुझी
श्यामला


रेवदंडा, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय सेवेरिन,

तुझं उत्तर नाही. मी तरी कोणत्या तोंडानं मागू? पण आता तुझ्याकडे एक काम आहे, म्हणून लिहिते.

आधी इनासचं सांगते. ऐकलं त्या दिवसापासून तो वेदीवर गेलेला नाही. निर्णय होईपर्यंत जायचं नाही, असं त्याचं त्यानंच ठरवलं. दुसरे फादर येतात, हा साधा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसतो. लोकांना तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं आहे. रविवारी मिस्सा झाला की माझ्याकडे येतो, बागेतलं गवत काढतो. मागच्या रविवारी म्हणाला, "पंधरा वर्षांत पहिल्यांदा नुसता ऐकतोय. छान असतं गं ऐकायला." मला रडू आलं. तो म्हणाला, "मावशी, सुपारीच्या मुळाशी रडू नकोस, खारट पाणी चालत नाही."

मला धीर धरवेना म्हणून मी अलिबागला विश्वंभर सरांना भेटायला गेले. आमच्या शाळेत गणित शिकवायचे, मिशनवाले, म्हणजे प्रोटेस्टंट, तू त्यांना एकदा नाताळच्या कार्यक्रमात पाहिलं आहेस. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, आमच्याकडे संस्कार दोनच. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन. तुमच्या मैत्रिणीचे बाकीचे पाच चांगले विधी आहेत, पण आम्ही त्यांना संस्कार म्हणत नाही. बाप्तिस्म्याचे शब्द मात्र तेच."

त्यांचा पुतण्या रितेश तिथं बसला होता. तो एका नव्या मंडळीचा पास्टर आहे. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही एका शब्दासाठी झुरताय. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर घातलेलं पाणी म्हणजे आमच्या दृष्टीनं आंघोळ. माणसानं मोठं व्हावं, स्वतः विश्वास धरावा आणि समुद्रात उतरावं."

सर म्हणाले, "म्हणजे माझीही आंघोळच झाली. तू चहा घे."

मग सरांनी मला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मुक्तिफौज म्हणून एक पंथ आहे, त्यांच्यात पाणीच नाही, झेंड्याखाली उभं राहून शपथ घेतात. आणि केरळचे सिरियन ख्रिस्ती 'मी' म्हणत नाहीत आणि 'आम्ही'ही म्हणत नाहीत. 'देवाच्या या सेवकाला बाप्तिस्मा दिला जातो,' एवढंच म्हणतात. आणि रोमला तो मान्य आहे.

मी विचारलं, "म्हणजे मी सिरियन असते तर?"

"तर व्याकरणानं तुम्हाला वाचवलं असतं," सर म्हणाले.

घरी येताना रिक्षात मला वाटलं, इतक्या लोकांनी इतक्या वेगवेगळ्या रीतीनं त्या पाण्याचा विचार केला आहे. आणि मी त्यांच्यातल्या कुणाचीच नसून त्यांच्या मधोमध वाटी घेऊन उभी आहे.

आता बिशप हाऊसचं. मला बोलावलं होतं. फादर तुस्कानो म्हणून ऐंशीच्या घरातले, वसईचे, चर्चच्या कायद्याचे जाणकार आहेत. आपली मराठी बोलतात, त्यामुळे जिवात जीव आला. समोर लिहून घ्यायला एक मुलगी होती.

"खोलीत कोण कोण होतं, बाई?"

"सेवेरिन होती, डोळे मिटून. आवडाबाई सुईण होती. मूल होतं."

"आवडाबाईनं पाणी घातलं?"

"नाही. ती शेकत होती."

"मग आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे मीच."

लिहून घेणारी मुलगी हसली आणि मग खोकल्याचं नाटक केलं. फादर हसले नाहीत. त्यांनी मला समजावलं. रोमची भीती अशी आहे की आई, बाप, काका, सगळा समाज मिळून आम्ही बाप्तिस्मा देतो, असं लोक म्हणायला लागले. हा संस्कार असा वर्गणीचा नव्हे. एकच देतो. म्हणून प्रश्न शब्दाचा नाही, शब्दाच्या आत किती माणसं होती याचा आहे. "तुमच्या मनात कोण होतं?"

मी म्हटलं, "कोणीच नव्हतं, फादर. मी होते आणि वाटी होती."

"पण आज तुम्ही 'मी' म्हणता."

"वडील गेल्यानंतर म्हणायला लागले. १९८६ नंतर."

ते म्हणाले, "माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासावर मुलाची पाद्रीगिरी उभी करता येत नाही. त्या काळचा कागद हवा. आणि तुम्हाला तेव्हा ओळखणाऱ्या माणसाचा जबाब हवा." मी विचारलं, नाही मिळालं तर? ते म्हणाले, शंका राहिली तर इनासला सशर्त बाप्तिस्मा द्यायचा, 'आधी झाला नसेल तर' असं म्हणून. मग दृढीकरण, मग दीक्षा, सगळं पहिल्यापासून. "त्याचं होईल. ज्यांना त्यानं तेल लावलं आणि जे गेले, ते मी देवाच्या दयेवर सोडीन. देव संस्कारांना बांधलेला नाही, आपण आहोत."

ते जुझेबद्दल बोलत होते, हे त्यांना माहीत नव्हतं.

तर काम हे. मी तुला तुझ्या लग्नानंतर दर महिन्याला लिहायचे. तू ती पत्रं ठेवली असशील तर पाठव. फेकली असशील तर तेही कळव, मी समजेन.

श्यामला


रेवदंडा, १९ ऑक्टोबर २०२५

सेवेरिन,

पार्सल मिळालं. सगळं उलटंपालटं केलं, तुझी एक ओळ नाही. पण सव्वीस पत्रं, तारखेनं लावलेली, लाल रिबीन बांधलेली. चव्वेचाळीस वर्षं जपलीस आणि माझ्यावर रागावून पाच वर्षं झाली तरी टाकली नाहीस.

मी रात्री न थांबता सगळी वाचली. काय बाई होते मी. 'आम्ही काल होडीनं आलो होतो पण तू माहेरी गेलेली.' 'आम्हाला निळ्या साडीपेक्षा ती पोपटी बरी दिसते, असं वहिनी म्हणतात.' 'आम्ही परीक्षेत पहिले आलो, पण कुणाला सांगितलं नाही.' आणि जून १९८३ चं पत्र, तुझ्या सातव्या महिन्यातलं: 'आम्हाला तुझ्यासाठी भीती वाटते. आम्ही एकट्याच आहोत इकडे, कुणाला सांगणार?'

ते एक वाक्य मी लाल पेनानं अधोरेखित करणार होते. अनुया, माझी भाची, म्हणाली, पुराव्यावर खुणा करू नकोस. सकाळी तीच सगळी पत्रं बिशप हाऊसला देऊन आली.

आता वाट बघायची. तू ठीक असशील अशी आशा करते.

श्या.


रेवदंडा, १६ नोव्हेंबर २०२५

माझ्या सेवेरिन,

काल तू फोन केलास तेव्हा मी इतकी गोंधळले की काहीच नीट बोलले नाही. म्हणून आता लिहिते. आणि तुला सविस्तर कळलं पाहिजे.

शुक्रवारी निर्णय आला. फादर तुस्कानोंनी स्वतः इनासला बोलावून वाचून दाखवला, आणि इनासनं मला. त्यात लिहिलं आहे की बाईंच्या तोंडी त्या काळी 'आम्ही' हा शब्द सातत्यानं एकाच व्यक्तीसाठी, म्हणजे स्वतः त्यांच्यासाठी होता, हे सव्वीस पत्रांवरून आणि मुलाच्या आईच्या लेखी जबाबावरून सिद्ध होतं. बाईंचा हेतू चर्च जे करतं तेच करण्याचा होता. बाप्तिस्मा वैध. पुढचं सगळं वैध. खाली फादरांनी पेनानं एक ओळ लिहिली आहे, ती निर्णयाचा भाग नाही: 'मराठी घरांत नम्रतेला अनेकवचन असतं.'

तू जबाब दिलास हे मला शुक्रवारीच कळलं. पार्सलाबरोबर ओळ नाही म्हणून मी महिनाभर कुढत होते, आणि तू तिकडे मडगावात वकिलाकडे बसून माझं व्याकरण सांगत होतीस.

आज सकाळी इनासनं मिस्सा म्हटला. ऑगस्टपासूनचं सगळं गावात बऱ्याच जणांना आता माहीत आहे. या गोष्टी लपत नाहीत. मी तिसऱ्या बाकावर होते. त्यानं पाव हातात घेतला आणि पहिल्या मिस्सासारखा जपून वर उचलला. मागून कोणीतरी कुजबुजलं, "बरा झाला वाटतं फादर." मी मनात म्हटलं, बराच होता.

फोनवर तू म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "मी शुद्धीवर होते गं. तू 'आम्ही' म्हणालीस ते ऐकलं मी. मला वाटलं, तू आणि मी. माझे हात उचलत नव्हते, म्हणून तू दोघींच्या वतीनं बोललीस."

मी विचारलं, "हे त्या जबाबात लिहिलंस का?"

"त्यांनी विचारलं, श्यामला 'आम्ही' म्हणायची तेव्हा तिला काय म्हणायचं असायचं. ती एकटीच असायची, असं मी लिहिलं. माझ्या कानाला काय वाटलं, ते कोणी विचारलं नाही." आणि मग तू हसलीस. पाच वर्षांनी ते हसणं ऐकलं.

सेवेरिन, खरं ते खरंच सांगते. त्या वेळी मी एकटी होते. तू चाललीस असं मला वाटत होतं, आणि म्हणूनच वाटी हातात घेताना मी तुझ्याकडे पाहिलंच नाही. पण बेचाळीस वर्षं तुला वाटत आलं की आपण दोघींनी त्याला वाचवलं, तर ते तुझ्यापाशी राहू दे. चर्चच्या वहीत जागा एकीलाच आहे. बाकीची जागा कुठे नाही असं थोडंच आहे.

आता वाटण्या. मंगळवारच्या बसनं पार्सल येईल, नीट वाचून त्याप्रमाणे कर.

पिशवीत आमसुलं आणि सुका जवळा आहे. आमसुलं तुझ्या लेकीला, जवळा तुला. ती वास येतो म्हणून कुरकुरेल, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

वरच्या पाकिटात बाप्तिस्म्याच्या दाखल्याची नवी नक्कल आहे. जुन्या नोंदीत 'एका स्त्रीनं दिला' एवढंच होतं. आता नाव घातलं आहे. ती तुझी. इनासकडे त्याची आहे. तिसरी मी ठेवली आहे. माझ्यानंतर ती अनुयाला. मी तिला सांगून ठेवलं आहे की ही देवघरात ठेवायची नाही आणि कपाटातही कोंबायची नाही.

चौथी मैनाला दिली, आवडाबाईच्या नातीला. साक्षीदार म्हणून तिच्या आजीचं नाव लागलं आहे. मैना म्हणाली, "आमची म्हातारी चर्चच्या वहीत? तिला न्हाय पटणार." मी म्हटलं, तिनंच तर मला 'तुमच्यात' म्हटलं होतं.

सव्वीस पत्रं बिशप हाऊसनं परत केली. ती तुझी, तुलाच परत पाठवते आहे. त्यातलं पोपटी साडीचं तेवढं फाडून टाक.

आणि एक. ११ डिसेंबरला जुझेला चार वर्षं होतील. कोर्लईच्या चर्चमध्ये सकाळी साडेसातचा मिस्सा मी इनासकडे जुझेच्या नावानं सांगून ठेवला आहे. तो जुझेला द्यायचा. तू आदल्या दिवशी माझ्याकडे उतर. मी पहाटे उठवीन, आणि आपण दोघी वेळेवर जाऊ.

तुझी
श्यामला